ऐतवार मागणारा माणूस

महिना चंद्रावरून आला, वर्ष सूर्यावरून आलं. पण सहा दिवस काम करून सातव्या दिवशी थांबायचं, हे आकाशात कुठेच लिहिलेलं नाही. आपल्याकडे सणवार होते, अमावास्या होती, एकादशी होती. वऱ्हाडात पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे शेकतात. हा नेम किती पिढ्यांचा आहे कोण जाणे. म्हणजे बैलाची सुटी ठरलेली होती. माणसाची आठवड्याची सुटी मात्र एकदा कोणाला तरी अर्ज करून मागावी लागली. तो अर्ज कोणी लिहिला, कोणत्या साली, त्यात आणखी काय काय मागितलं होतं, हे सगळं ठाऊक आहे. मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि कळलं तेव्हापासून माझा एकही रविवार पूर्वीसारखा गेलेला नाही.

निमित्त झालं ते कापूस वेचणीचं. मंगरुळपीरकडे एका नातेवाइकाच्या शेतात गेलो होतो. दिवाळी होऊन गेलेली, पराटी पांढरी झालेली, आणि दहाबारा बाया कमरेला ओटी बांधून ओळीनं पुढे सरकत होत्या. बोंडातून कापूस काढताना बोटं कशी चालतात ते जवळून पाहावं. तीन बोटांनी पाकळ्या धरायच्या, एका हिसक्यात सगळा कापूस बाहेर, पाचोळा लागू द्यायचा नाही, आणि बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा रोज थोड्या थोड्या फाटत जातात. एका म्हाताऱ्या बाईंना मी सहज विचारलं, ‘‘माय, आज ऐतवार ना? सुटी नाही घेतली?’’ त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, ‘‘कापसाले कुठचा ऐतवार, बापा?’’

त्या वाक्यानं मी जो निघालो तो थेट मुंबईच्या परळला, १८८४ सालात पोचलो. कारण ज्या माणसानं कामगारांसाठी ऐतवार मागितला, त्याचं सगळं आयुष्य याच कापसाच्या दुसऱ्या टोकाशी गेलं होतं.

नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाण्याचा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं, फुलमाळी समाजातलं. शिक्षण बेताचं झालं, पण इंग्रजी लिहिण्यावाचण्यापुरतं हाती आलं. आधी रेल्वेच्या पोस्ट खात्यात नोकरी केली, मग मांडवीच्या कापडगिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. पुढचं सगळं याच नोकरीतून उगवलं, असं माझं मत आहे. स्टोअरकीपर म्हणजे मालाची आवक-जावक लिहिणारा. गिरणीत किती माल आला, किती खपला, कोणता सुटा भाग मोडला, किती तेल लागलं, या साऱ्याची नोंद त्याच्या वहीत. यंत्राला तेल वेळेवर मिळतं हे त्याला दिसत होतं. माणसाला जेवायला वेळ मिळत नाही, हेही त्याच दारातून दिसत होतं.

त्या काळची रुई मुंबईला कशी पोचायची, हे आपल्या भागातल्या माणसानं एकदा डोळ्यांपुढे आणावं. वाशीम तेव्हा ‘बासीम’ होतं, वऱ्हाड प्रांतातला एक स्वतंत्र जिल्हा. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस इंग्लंडला मिळेना. मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर गेली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खास कापसासाठी खामगावला फाटा काढला. वाशीमकडचा कापूस बंड्यांत भरून मालेगाव, मेडशी, पातूरचा घाट उतरत अकोल्याच्या स्टेशनावर जाई. कारंजाचा मूर्तिजापूरला. तिथून रेल्वेनं मुंबई, कुलाब्याचा कापूस बाजार. वऱ्हाडच्या रुईला त्या बाजारात ‘उमरा’ म्हणत, उमरावतीवरून. गाठ ३९२ पौंडांची, आणि अशा दोन गाठींची एक खंडी, ७८४ पौंडांची. आजही बाजारभावाच्या बातमीत कापसाचा दर खंडीमागे सांगतात, ३५६ किलोंची खंडी. तीच खंडी आहे ही. दीडशे वर्षं झाली, पौंड गेले, इंग्रज गेले, वजन तेवढंच राहिलं.

बरीच रुई जहाजातून परदेशी जाई, पण मुंबईतच राहणारा वाटा वाढत चालला होता. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या गिरणीची उभारणी सुरू केली, १८५६ मध्ये ताडदेवला तिची चाती फिरू लागली, आणि पुढच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराड्यांची रांग उभी राहिली. कोकणातून, घाटावरून माणसं येत होती. शेतावर त्यांनी कष्ट उपसलेच होते. पण शेतातल्या कामाला पाऊस थांबवतो, सण थांबवतो, बैल दमला की तोही थांबवतो. इंजिन दमत नाही.

गिरणीचा दिवस किती तासांचा होता? या प्रश्नाचं उत्तर वाचून मी चकित झालो, कारण उत्तर ऋतूप्रमाणे बदलत होतं. गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. उजाडलं की भोंगा, अंधारलं की सुटका. मुंबईत जूनमधला दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरमधला अकरा तासांच्या आसपास. म्हणजे पृथ्वीचा आस जेवढा कललेला आहे, त्या हिशेबानं कामगाराची पाठ वाकत होती. उन्हाळ्यात, जेव्हा साच्याजवळ उभं राहणंही नको होतं, तेव्हाच काम सर्वांत लांब. जेवणासाठी यंत्र बंद होत नसे. भाकरी साच्याच्या बाजूला उभ्याउभ्याच खायची. रविवारी यंत्रं पुसायची, आणि त्यासाठी पुन्हा कामगारांनाच बोलवायचे. पगार महिना उलटून कधीतरी.

मुलंही होती. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला, त्यात सात वर्षांखालच्या मुलाला कामाला लावू नये असं कलम घालावं लागलं. सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, असं दुसरं. हे वाचताना माझं बोट त्या ओळीवर थांबलं. सात वर्षांचं मूल म्हणजे आपल्याकडचं दुसरीतलं पोर. आणि ही तर सुधारणा होती. मोठ्या माणसांच्या, बायांच्या कामाच्या तासांबद्दल त्या कायद्यात काहीच नव्हतं.

या कायद्यामागचं राजकारण गुंतागुंतीचं होतं, ते टाळून चालणार नाही. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगालींसारखे माणुसकीनं कायदा मागणारे होते. पण कायद्यासाठी सर्वांत मोठा आवाज लँकेशायरच्या गिरणीमालकांचा होता, कारण मुंबईचं सूत त्यांच्या मालाला जड जाऊ लागलं होतं. म्हणून पुण्या-मुंबईच्या बऱ्याचशा देशी पत्रांनी कायद्याला विरोध केला. आपला बाळसं धरणारा धंदा मारण्याचा हा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्या साऱ्या वादात एक माणूस कुठेच नव्हता: साच्यापुढे उभा असलेला. मँचेस्टरचा फायदा की मुंबईचा, यावर शाई खर्च होत होती, आणि ज्याची पाठ मोडत होती त्याला कोणी विचारत नव्हतं.

त्याला विचारणारं एक पत्र होतं. ‘दीनबंधू’. सत्यशोधक कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी ते १८७७ च्या पहिल्या दिवशी पुण्यात सुरू केलं. पैशांअभावी ते बंद पडायच्या बेताला आलं, तेव्हा लोखंड्यांनी ते १८८० मध्ये मुंबईला आणलं आणि संपादन हाती घेतलं. लोखंडे महात्मा फुल्यांचे अनुयायी, सत्यशोधक समाजाचे मुंबईतले खंदे कार्यकर्ते. त्यांनी या साप्ताहिकात शेतकऱ्याच्या बरोबरीनं गिरणीतल्या माणसाला जागा दिली. समाजवाद हा शब्द मराठीत अजून रुळलाही नव्हता. लोखंड्यांना समाजवादी म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही. पण गिरणीचा प्रश्न मालकाच्या दारातून न पाहता कामगाराच्या दारातून पाहायचा, ही रीत मराठी पत्रकारितेत त्यांनी पाडली.

फुल्यांशी त्यांचं एकदा बिनसलं, तेही सांगायला हवं. फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणं ‘दीनबंधू’त छापून आली, पुढची छापणं लोखंड्यांनी टाळलं. मजकूर फार तिखट होता. फुले रागावले. मला या प्रसंगात लोखंड्यांचा कमीपणा दिसत नाही, त्यांचा स्वभाव दिसतो. ते सरकारशी भांडणाऱ्यांतले नव्हते, सरकारला कागद देऊन उत्तर मागणाऱ्यांतले होते. त्या स्वभावाचं बळ पुढच्याच वर्षी दिसलं.

१८८४ मध्ये सरकारनं कायद्याचा फेरविचार करायला मुंबईत एक आयोग नेमला. लोखंड्यांनी त्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरवली, लगोलग दुसरीही. आयोगाला द्यायचं एक निवेदन तिथे ठरलं आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या पाच. सर्व कामगारांना दर रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय.

तिसरी मागणी पुन्हा वाचा. सुरुवात घड्याळाची, शेवट सूर्याचा. साडेसहा हा आकडा गिरणीच्या मनोऱ्यावरच्या घड्याळातला आहे, आणि सूर्यास्त गावच्या शेताच्या धुऱ्यावरचा. गाव सोडून आलेली, अजून शहराची न झालेली माणसं एका वाक्यात उभी आहेत.

आणि रविवारच का? साहेबाचा तो चर्चचा वार, सरकारी कचेऱ्या त्या दिवशी बंद असत. पण मराठी माणसाला त्यासाठी परक्या देवाकडे जायची गरज नव्हती. रविवार खंडोबाचा वार. हा मुद्दाही लोखंड्यांच्या नावावर सांगितला जातो. मांडला असेल तर त्यांच्या चतुराईला साजेसाच होता.

त्या आयोगापुढे दुसऱ्या एका कामाची साक्षही आली, आणि इथे आपल्या भागातल्या वाचकानं थोडं थांबावं. ती होती खानदेशातल्या जिनिंग कारखान्यांची. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं. शंभर किलो कापसातून तेहतीस-चौतीस किलोंच्या आसपास रुई निघते, बाकी सरकी. यंत्र साधं असतं: चामड्याचा रूळ फिरतो, तो तंतू ओढून घेतो, समोरचं पातं सरकी अडवतं. यंत्रापुढे बाई उभी, ती हातानं कापूस टाकत राहते. हवेत रुईचा धूर. केसांवर, पापण्यांवर, नाकात तीच. साक्षीत आलं ते असं: पहाटे चार-पाचला सुरू झालेलं काम रात्री सात-आठ-नवापर्यंत चाले, आणि माल साचला की त्याच बायांकडून रात्रंदिवस, सलग कित्येक दिवस करून घेत.

मग १८८१ चा कायदा कुठे होता? तो या बायांसाठी नव्हताच. कायद्यात ‘कारखाना’ कशाला म्हणायचं ते सांगितलं होतं: शंभर किंवा अधिक माणसं हवीत, आणि तो वर्षाचे चार महिन्यांहून जास्त चालायला हवा. कापसाचा हंगाम केवढा? बोंडं फुटल्यापासून फार तर होळीपर्यंत. पऱ्हाटीनं आपल्या वेळेला फुलावं आणि म्हणून कायद्यानं नजर फिरवावी, असा हा खेळ. पुढे वाशीमला, कारंजाला जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळपर्यंत केवळ अडीच फूट रुंदीचा रेल्वेमार्ग आला, तो या गाठींसाठीच. त्या मार्गावरच्या ज्या ‘शकुंतला’ गाडीच्या आठवणी काढून आपण हळवे होतो, तिच्या डब्यांत भरलेली रुई अशाच हातांनी सरकीपासून सोडवलेली असे.

१८८४ च्या निवेदनाला मालकांनी दाद दिली नाही. लोखंडे थांबले नाहीत. पुन्हा अर्ज, पुन्हा सभा. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. श्रीमंतांचे घोडे धावायचे त्या मैदानावर. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया भाषणाला उभ्या राहिल्या. १८९० साल लक्षात घ्या: मध्यमवर्गात मुलींनी शाळेत जावं की नाही यावर अजून खल चालला होता, आणि इथे साचा चालवणाऱ्या दोघीजणी दहा हजारांपुढे बोलत होत्या. त्यानंतर गिरणीमालकांच्या संघाकडे साप्ताहिक सुटीचा अर्ज गेला, आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या सभेनं तो मान्य केला.

संप नाही, दगडफेक नाही, एक साचा मोडला नाही. सहा वर्षं तोच कागद पुन्हा पुन्हा पुढे सरकवला आणि रविवार मिळाला.

ज्या संस्थेच्या नावानं हे चाललं ती ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’. देशातली कामगारांची पहिली संघटना म्हणून तिचा मान आहे. पण सरकारी अहवालात १८९२ च्या सुमारास तिचं जे वर्णन आलं, ते वाचून मी थक्क झालो. या संघटनेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियमावली नाही. लोखंडे नावाचे गृहस्थ जो कोणी कामगार येईल त्याला मदत करतात, असा त्याचा आशय. लिहिणाऱ्याला ती त्रुटी वाटली असेल. मला ते वर्णन म्हणजे लोखंड्यांचा सर्वांत चांगला फोटो वाटतो: दारात येणारी माणसं, आणि त्यांच्यासाठी अर्ज लिहीत बसलेला एकटा कारकून.

त्याच १८९० मध्ये लोखंड्यांनी मुंबईतल्या नाभिकांची सभा घडवली. विधवांच्या केशवपनाला आम्ही हात लावणार नाही, असं त्या कारागिरांनी ठरवलं. सुधारकांचे लेख झाले होते, व्याख्यानं झाली होती. लोखंड्यांनी वस्तरा धरणाऱ्या हातालाच विचारलं. कामगार चळवळीची दृष्टी समाजसुधारणेला लावली की काय घडतं, याचा यापेक्षा लख्ख दाखला मला माहीत नाही. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला, तेव्हा दोन्हीकडच्या माणसांना राणीच्या बागेत एकत्र बसवण्याचं कामही त्यांनी केलं. सरकारनं पुढे रावबहादूर केलं.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला. पहिले रुग्ण सापडले ते मांडवीत, धान्याच्या वखारींच्या वस्तीत. ज्यांना शहर सोडणं शक्य होतं ते निघून गेले. लोखंडे रुग्णांच्या सेवेत राहिले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच साथीत गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यानंतर महिनाभरानं, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

लोखंड्यांनंतर पाव शतकानं, १९२२ मध्ये, श्रीपाद अमृत डांगे या तरुणानं मुंबईत ‘सोशलिस्ट’ नावाचं साप्ताहिक काढलं, आणि १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियनच्या सहा महिन्यांच्या संपानं शहर हादरलं. तो निराळा काळ, निराळी भाषा. अर्जाच्या जागी लाल बावटा आला. पण कामगाराचा प्रश्न आणि छापखाना यांची जोडी लोखंड्यांनी परळमध्ये आधीच लावून ठेवली होती.

सुपारीबागेतल्या त्या कागदाचं पुढे काय झालं, याचा माग मी काढत बसलो, आणि तो सरळ आजच्या पगारपत्रकापर्यंत आला. रविवार आणि दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कायद्यात आले, त्याच कायद्यानं बायांच्या कामाला अकरा तासांची हद्द घातली. जखमी कामगाराची भरपाई १९२३ च्या कायद्यात. पगाराची तारीख १९३६ च्या कायद्यात, आणि तीही पंधराच्या पुष्कळ अलीकडे, सात किंवा दहा. तिसरी मागणी, कामाच्या तासांची, सर्वांत रेंगाळली. मोठ्या पुरुषाच्या दिवसाला १९११ मध्ये कापडगिरण्यांपुरती बारा तासांची मर्यादा पडली, मग १९२२, १९३४ अशी ती उतरत आली. १९३४ मध्येसुद्धा हंगामी कारखान्यांना, म्हणजे आपल्या जिनिंगलाही, वेगळं माप होतं: बारमाही गिरणीत आठवड्याला चोपन्न तास, हंगामी कारखान्यात साठ. १९४८ च्या कायद्यानं दोघांना अठ्ठेचाळीस तासांच्या एका रांगेत बसवलं. परळहून निघालेला रविवार कारंजाच्या जिनपर्यंत पुरेपूर पोचायला चौसष्ट वर्षं लागली.

जिनच्या फाटकापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे शेत. तिथे मजुरी किलोमागे, वेचला तेवढाच पैसा. त्या दिवशी मंगरुळपीरकडच्या शेतात संध्याकाळी वजन झालं. लिंबाच्या फांदीला काटा टांगला होता. म्हाताऱ्या बाईंचं गाठोडं काट्यावर चढलं, मालकाच्या पोरानं वहीत आकडा मांडला. त्या वाकून वहीत पाहत होत्या. अक्षर कळत नव्हतं, पण आकडा कळत होता. ‘‘बराबर ल्हेय, बापा,’’ त्या म्हणाल्या, आणि पोरानं आकडा पुन्हा एकदा, मोठ्या अक्षरात लिहून दाखवला.